एचआयव्हीच्या एकाच पट्टीवर १ आणि २, दोन्ही रेषा: रिपोर्ट लिहायच्या आधी काय काय बघायचं

आठवड्याला एक तरी फोन येतो. "मॅडम, कंट्रोलची आली, एकची आली आणि दोनचीपण आली. डबल इन्फेक्शन लिहू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. कॅसेट (पट्टी बसवलेली प्लॅस्टिकची डबी) फेकू नकोस, फोटो काढ, थेंब किती वाजता टाकलास ते सांग, आणि रिपोर्टच्या कागदाला अजून हात लावू नकोस.

पुण्यात सेरॉलॉजीच्या, म्हणजे प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं त्या अँटिबॉडी) तपासायच्या टेबलावर मला २२ वर्षं झाली. एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ हे विषाणूचे दोन प्रकार; कंट्रोलची रेषा फक्त चाचणी नीट चालली एवढंच सांगते. एचआयव्हीच्या रॅपिड किटवर एक आणि दोन अशा दोन्ही रेषा किंवा दोन्ही ठिपके उमटणं हा घोटाळा मी इतक्यांदा निस्तरला आहे की आता एकदाच लिहून ठेवते. वाचणाऱ्यांत टेक्निशियन असतील, काउन्सेलर असतील, एखादा पेशंटही असेल. पेशंटसाठी एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्या कागदावर "१ व २ रिॲक्टिव्ह" (दोन्ही रेषा उमटल्या) असं असेल, तर त्याचा अर्थ तुम्हाला दोन वेगळे विषाणू दोन वेगळ्या माणसांकडून आले असा होत नाही. बहुतेक वेळा विषाणू एकच असतो.

हे आधी सांगायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी हडपसरकडची एक बाई तपासणीला आली. हातात एका खासगी लॅबचा रिपोर्ट होता, त्यावर ठळक अक्षरात "ड्युअल", म्हणजे दुहेरी लागण. रिपोर्ट सासूच्या हाती लागला होता. सासू शाळेत फार गेलेली नसेल, पण तिचं गणित पक्कं होतं. एक नवऱ्याकडून आला, मग दुसरा कुणाकडून? बाईने हे मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती. पुढे संदर्भ प्रयोगशाळेतून (शंकेची सॅम्पल जिथे पाठवतात ती वरची लॅब) उत्तर आलं: फक्त एचआयव्ही-१. पण ते यायला आठवडे गेले, आणि त्या आठवड्यांत ती माहेरी होती. फिकट गुलाबी रेषेची एवढी किंमत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

लक्षणं कोणती

सगळ्यात नेहमीचं लक्षण म्हणजे एकची रेषा गडद आणि दोनची फिकट. दहातली बहुतेक प्रकरणं हीच. दुसरं, एका किटवर १ आणि २ दोन्ही, तर दुसऱ्या कंपनीच्या किटवर फक्त १. तिसरं, सकाळी वाचलं तेव्हा फक्त १ होतं आणि दुपारी जेवून आल्यावर त्याच कॅसेटवर २ पण दिसतंय. चौथं, त्या दिवशीच्या सगळ्याच जोरदार पॉझिटिव्ह सॅम्पलवर दोनची सावली. ही चारही लक्षणं वरवर सारखी दिसतात, पण मूळ वेगवेगळं आहे.

पाचवं लक्षण लॅबमध्ये दिसत नाही, ते एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या, डॉक्टरांना दिसतं. पेशंटचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) "आढळला नाही", पण सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) घसरतोय. हे उलट्या बाजूचं प्रकरण आहे: दोन खरा होता आणि कुणी लक्ष दिलं नाही. नेहमीची व्हायरल लोड चाचणी एचआयव्ही-१ मोजायला बनवलेली असते, एचआयव्ही-२ तिला दिसतच नाही. म्हणून "दोनची रेषा म्हणजे नेहमी खोटीच" असंही कुणी मनात धरू नये.

आणि एक गोष्ट घोळात विसरली जाते. पॉझिटिव्ह आहे की नाही, हा प्रश्न वेगळा आणि कोणता प्रकार, हा वेगळा. ठरल्याप्रमाणे लावायच्या तिन्ही वेगवेगळ्या किट रिॲक्टिव्ह असतील तर माणूस एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. खाली जे लिहिते आहे ते फक्त दुसऱ्या प्रश्नासाठी. पहिल्यातच किट एकमेकांशी भांडत असतील तर निकाल अनिश्चित धरायचा आणि दोन ते चार आठवड्यांनी नवं सॅम्पल घ्यायचं. त्यात प्रकाराची चर्चाच नको.

आधी घड्याळ

फुकटातली तपासणी. प्रत्येक किटच्या पत्रकात वाचायची वेळ दिलेली असते: इतक्या मिनिटांनंतर वाचा, आणि इतक्या मिनिटांनंतर वाचू नका. पहिला आकडा सगळ्यांना पाठ असतो, दुसरा कुणी वाचत नाही. कॅसेट वाळायला लागली की पट्टीतला रंग मागे सरकतो आणि जिथे काही नव्हतं तिथे करडी-गुलाबी छटा बसते. ती छटा म्हणजे रेषा नव्हे. वर सांगितलेलं "जेवून आल्यावर दिसलं" हे लक्षण इथेच संपतं.

मी स्वयंपाकघरातलं चावीचं टायमर टेबलावर ठेवते. लोक हसतात. मोबाइलवर टायमर लावला की त्याच मोबाइलवर फोन येतो आणि टायमर गेला, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

ठिपक्यांच्या किटचं वेगळं. त्यात थेंब वरून ओतत जायचं आणि लगेच वाचायचं. तिथे घोटाळा वेळेचा कमी, धुण्याचा जास्त. बफर (किटसोबत येणारा द्रव) नीट मुरायच्या आत पुढचा थेंब टाकला की सगळी पांढरी पार्श्वभूमीच गुलाबी होते, आणि त्या गुलाबीत दोनचा ठिपका "असल्यासारखा" वाटतो.

मग किटचं खोकं

एक्स्पायरी बघा, लॉट नंबर (किट कोणत्या खेपेतली तो) लिहून घ्या. बफरची बाटली त्याच खोक्यातली आहे ना? एका किटचा बफर संपला म्हणून दुसऱ्याचा वापरला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि करणारा माणूस चांगला हुशार होता. बफरमधलं क्षाराचं आणि डिटर्जंटचं प्रमाण त्या-त्या पट्टीसाठी जुळवलेलं असतं. ते बदललं की नको तिथे प्रतिपिंडं चिकटतात.

साठवण. बऱ्याच किट २ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात, काही २ ते ८ मध्ये. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या छपराखालच्या स्टोअरमध्ये त्याहून वर जातो. त्यात गुरुवार. देखभालीसाठी लाईट जायचा वार म्हणून पुणेकरांना तो पाठच आहे. फ्रीज चार-पाच तास बंद, आणि मध्ये कुणीतरी पाण्याची बाटली काढायला दार उघडतंच. (किटच्या फ्रीजमध्ये पाण्याची बाटली का असते, हा वेगळा विषय आहे, त्यावर माझा रक्तदाब वाढतो.) उष्णता लागलेल्या किटचा पहिला दोष म्हणजे रेषा फिकट पडतात. फिकट रेषांच्या गर्दीत खरी कोणती आणि सावली कोणती, ते ओळखता येत नाही.

पावसाळ्यात उलटं. पाकीट फोडून कॅसेट "नंतर लागेल" म्हणून बाजूला ठेवली की ती हवेतली ओल पिते आणि सॅम्पल पट्टीवर नीट सरकत नाही. पाकिटातल्या ओल शोषणाऱ्या पुडीचा रंग बदललेला असेल तर कॅसेट सरळ कचऱ्यात. फ्रीजमधून काढलेली किट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही, कारण तेच: गार कॅसेटवर दव धरतं.

दोन कॅसेटचा खर्च करा

इथे लोक कंजुषी करतात आणि नंतर पस्तावतात. त्याच लॉटच्या दोन कॅसेट घ्या. एकीवर माहीत असलेलं निगेटिव्ह सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव), दुसरीवर माहीत असलेलं, प्रकार निश्चित झालेलं, जोरदार एचआयव्ही-१ पॉझिटिव्ह सीरम.

निगेटिव्हवर काहीही उमटलं तर लॉट खराब. काम थांबवा, खोकं बाजूला ठेवा, वर कळवा. निगेटिव्ह स्वच्छ आहे पण माहीत असलेल्या एचआयव्ही-१ वरही दोनची सावली येते आहे, तर तुमच्या पेशंटची दोनची रेषा त्या किटची सवय असण्याची शक्यता फार मोठी. दोन्ही अगदी हवे तसे आले, तर किट निर्दोष. आता सॅम्पलकडे वळा.

लॅबमध्ये असं माहितीचं सीरम छोट्या-छोट्या नळ्यांत गोठवून ठेवलेलं नसेल तर आजपासून ठेवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवायची आणि गोठवायची नाही.

सॅम्पल

नळी उजेडाकडे धरून बघा. लालसर दिसतं का? रक्तपेशी फुटल्यात. दुधाळ? पेशंट जेवून आला असेल. तळाशी किंवा मध्ये शेवयांसारखे तंतू? रक्त पूर्ण गोठायच्या आत सेंट्रिफ्यूजला घातलं. हे तंतू पट्टीच्या तोंडाशी अडकतात आणि रंग मधेच थबकतो. पुन्हा फिरवा, वरचं स्वच्छ सीरम घ्या, नवी कॅसेट लावा. निम्मी प्रकरणं इथपर्यंत मिटतात.

आता किती घेतलं ते. बऱ्याच पट्टीच्या किटांना सीरम १० मायक्रोलिटर लागतं आणि पूर्ण रक्त २०. ड्रॉपरने "एक थेंब" टाकणाऱ्याचा थेंब बोटाच्या दाबाप्रमाणे बदलतो. २० च्या जागी ४० पडलं की प्रतिपिंडांचा पूर येतो, आणि पुरात दोनच्या रेषेलाही ओल लागते. पिपेट वापरा, प्रत्येक सॅम्पलला नवी टिप. टिप पुसून पुन्हा वापरणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही.

शेवटी नाव. नळीवरचा नंबर, रजिस्टरमधला नंबर, कॅसेटवर पेनने लिहिलेला नंबर, तिन्ही एकमेकांशी जुळवा. सोमवारी सकाळच्या गर्दीत शेजारच्या दोन कॅसेटची अदलाबदल होणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. शंका राहिली तर नवं रक्त घ्या, पेशंटला कारण सांगून आणि संमती घेऊन. रक्त घेताना सुई टोचलीच तर "बघू संध्याकाळी" असं करू नका. लगेच डॉक्टरांना सांगा. बचावाची औषधं जितकी लवकर तितकी बरी, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत.

दोनची रेषा येते तरी का

इथे जरा थांबते, कारण हे कळलं की वरच्या सगळ्या तपासण्या आपोआप लक्षात राहतात.

किटवर विषाणू नसतो. असतात ते विषाणूच्या प्रथिनांचे, कारखान्यात बनवलेले तुकडे. एकच्या रेषेवर साधारणपणे एचआयव्ही-१ चा जीपी४१ हा तुकडा, दोनच्या रेषेवर एचआयव्ही-२ चा जीपी३६. दोन्ही प्रथिनं विषाणूच्या बाहेरच्या आवरणातली, दोघांचं काम तेच. एचआयव्ही-१ चा उगम चिंपांझींमधल्या विषाणूतून, एचआयव्ही-२ चा पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडांमधल्या विषाणूतून. म्हणजे सख्खे भाऊ नव्हेत, चुलत. आतल्या गाभ्याच्या प्रथिनांत दोघांत बरंच साम्य आहे, आवरणात त्याहून कमी. पण रोगप्रतिकारशक्तीला जो भाग सर्वात जास्त डोळ्यांत भरतो, नेमका तिथेच थोडं साम्य उरलंय.

फोनवर बापलेकाचा आवाज सारखा लागतो ना, तसं. एचआयव्ही-१ ने वर्षानुवर्षं भरलेल्या शरीरात प्रतिपिंडं ढीगभर असतात आणि त्यांतली काही जीपी३६ ला "ओळखलं" म्हणून जाऊन बिलगतात. म्हणून एक गडद, दोन फिकट. उलटंही होतं. खऱ्या एचआयव्ही-२ च्या माणसात दोन गडद आणि एक फिकट येऊ शकते. खरी दुहेरी लागण असते, नाही असं नाही. पण रॅपिड किटवर ती आणि हे नुसतं बिलगणं यांत फरक करता येत नाही. दोन्ही रेषा सारख्याच गडद असल्या, तरीही.

थोडक्यात, प्रतिपिंड आपल्याला विषाणू दाखवत नाही. शरीराने कशासारखं काहीतरी पाहिलं, एवढंच ते सांगतं.

यावरूनच पातळ करून बघायची एक जुनी युक्ती आहे. सीरम दहापट, मग शंभरपट पातळ करत गेलं की ओढूनताणून बिलगलेली रेषा आधी गळते आणि खरी मागे राहते. काही किटांच्या पत्रकातच हा मार्ग दिलेला असे. तुमच्या पत्रकात असेल तर त्याच पातळपणाने, त्याच द्रवात करा. नसेल तर समजून घेण्यापुरतं करून बघा हवं तर, पण त्या कॅसेटवरून रिपोर्ट लिहायचा नाही. पत्रकाबाहेर केलेल्या चाचणीला मागे उभं राहणारं कुणी नसतं.

दुसरी किट, दुसरा तुकडा

आतापर्यंत दोन टिकून असेल तर वेगळ्या कंपनीची, वेगळ्या प्रथिन-तुकड्याची आणि शक्यतो वेगळ्या तत्त्वाची किट लावा. तीच किट तीनदा लावून तीनदा तेच येणं हा पुरावा नव्हे. एकाच साक्षीदाराला तीनदा विचारून तीन साक्षी होत नाहीत. दुसऱ्या किटवर फक्त १ आलं तर बिलगण्याची शंका पक्की होत जाते. दोन्हींवर दोनच गडद असेल तर मात्र सरसावून बसा.

याच टप्प्यावर काउन्सेलरशी बोला. पेशंटचा किंवा जोडीदाराचा पश्चिम आफ्रिकेशी, पोर्तुगालशी काही संबंध? जोडीदाराचा जुना रिपोर्ट? एचआयव्ही-२ आपल्याकडे कमी आहे, पण नवा नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मुंबईतून त्याची नोंद झाली, आणि गोव्यातही तो सापडत आला आहे. बोटींवर काम केलेला, गोव्यात राहिलेला माणूस असेल तर दोनच्या रेषेकडे मी जरा आदराने बघते. हे पेशंटला पोलिसी थाटात विचारायचं नसतं, म्हणूनच ते काउन्सेलरने विचारायचं आणि बंद दाराआड. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमती आणि गोपनीयता या सौजन्याच्या गोष्टी राहिलेल्या नाहीत, त्या बंधनकारक आहेत.

औषधं चालू आहेत का, हेही विचारा. फार लवकर उपचार सुरू झालेल्यांत प्रतिपिंडं क्षीण राहू शकतात आणि रेषा विचित्र दिसतात. उपचारावर असलेल्याची "सहज पुन्हा एकदा" रॅपिड करू नका. त्यातून नुसता गोंधळ वाढतो.

वेस्टर्न ब्लॉट

ही तपासणी आमच्यासारख्या साध्या टेबलावर होत नाही, पण तिचा कागद आपल्याकडे येतो, म्हणून वाचता यायला हवी. विषाणूची प्रथिनं वजनाप्रमाणे एकाखाली एक मांडलेली असतात आणि पेशंटची प्रतिपिंडं कुठे कुठे बसली ते पट्ट्यांतून दिसतं. गाभ्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे एकच्या पी२४ वर आणि दोनच्या पी२६ वर, विसंबून प्रकार ठरवू नका. तिथेच दोघं सगळ्यात जास्त सारखे. बघायचं ते आवरण. एचआयव्ही-१ साठी जीपी४१, जीपी१२०, जीपी१६०. एचआयव्ही-१ च्या बऱ्याच पट्ट्यांवर खाली जीपी३६ चा एक वेगळा तुकडा चिकटवलेला असतो. तो उमटला की दोनची शंका घ्या, निदान नव्हे. त्यासाठी एचआयव्ही-२ ची स्वतंत्र ब्लॉट लागते.

आणि त्यानंतरही आवरणाच्या दोन्हीकडच्या पट्ट्या उमटल्या तर प्रतिपिंडांचं काम संपलं. पुढे पीसीआर, म्हणजे विषाणूचं जनुकद्रव्यच शोधणारी चाचणी.

"सी आहे का बी, तेही सांगा ना"

हा प्रश्न आजकाल शिकलेले पेशंट विचारतात आणि प्रोजेक्टवाले विद्यार्थी तर हटकून. एचआयव्ही-१ चे ए, बी, सी असे उपप्रकार आहेत; अँटिबॉडीवरून त्यातला कोणता ते सांगता येतो का?

प्रयत्न झाला होता, आणि तो काही वेडगळ नव्हता. विषाणूच्या आवरणावर व्ही३ नावाचा सुमारे ३५ अमिनो आम्लांचा फास आहे. त्याच्या टोकाशी बी उपप्रकारात बहुधा ग्लायसीन-प्रोलीन-ग्लायसीन-आर्जिनीन असं असतं, आणि सी मध्ये शेवटच्या आर्जिनीनच्या जागी ग्लुटामीन. वेगवेगळ्या उपप्रकारांचे असे कृत्रिम फास प्लेटमध्ये लावायचे आणि पेशंटचं सीरम कुठे जास्त जोरात चिकटतं ते बघायचं. स्वस्त, आणि हजार सॅम्पल एका दमात. १९९० च्या दशकात थायलंडमध्ये हे छान चाललं, कारण तिथे मुळात दोनच विषाणू जोरात होते, बी आणि ज्याला तेव्हा ई म्हणत तो, आणि दोघांचे फास पुरेसे वेगळे.

आपल्याकडे तीच युक्ती अडखळते. भारतातला बहुतांश विषाणू सी. ए आणि सी यांचे व्ही३ फास इतके सारखे की एकाचं सीरम दुसऱ्याच्या फासाला सहज चिकटतं. त्यात आजार बळावलेल्या पेशंटची प्रतिपिंडं इतकी खालावतात की कुठेच काही चिकटत नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे संकर. १९९९ मध्ये भोसरीच्या नारीतल्या (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) आणि परदेशातल्या संशोधकांनी मिळून भारतीय सी विषाणूंचे संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध केले, त्यांत ए आणि सी यांचे तुकडे एकत्र शिवलेला विषाणूही निघाला. जनुकक्रमातले असे सांधे शोधायचं सिमप्लॉट नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरतात. ते वापरणारे आजही याच शोधनिबंधाचा दाखला देतात. भोसरीच्या एमआयडीसीतून पीएमपीच्या बसने जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल कोण जाणे. तर व्ही३ ची चाचणी फक्त आवरण बघते. आवरण सी चं आणि गाभा ए चा असेल तर ती "सी" म्हणेल आणि बिनधास्त म्हणेल.

म्हणून पेशंटला सरळ सांगा: उपप्रकार जनुकक्रमावरून कळतो, अँटिबॉडीवरून नाही, आणि तुमची गोळी त्यावर ठरत नाही. लोकसंख्येच्या पाहणीत व्ही३ ला थोडी जागा होती, एका माणसाच्या रिपोर्टमध्ये नाही.

एक जुनी आठवण मात्र सगळ्यांनी ठेवावी. १९९४ मध्ये एचआयव्ही-१ च्या ओ गटाची लागण झालेले काही पेशंट त्या वेळच्या काही चाचण्यांत चक्क निगेटिव्ह निघाले होते, कारण किटवरचे तुकडे एम या मुख्य गटाचे होते. त्यानंतर किट बदलाव्या लागल्या. म्हणजे विषाणूचा वाण महत्त्वाचा नाही असं नाही. तो किट बनवणाऱ्यासाठी महत्त्वाचा, आणि आपल्या टेबलावर त्याचा निकाल लागत नाही.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काहीही असेल तर लॅबमध्ये आणखी एक कॅसेट फोडू नका.

गरोदर बाई आणि दोनची रेषा: त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, फोनवर नव्हे, समोर जाऊन. नेव्हिरॅपीन आणि एफाव्हिरेंझ या गटातली औषधं एचआयव्ही-२ वर मुळातच चालत नाहीत. बाळाला जन्मल्यावर बचावासाठी कोणतं औषध द्यायचं ते यावर ठरतं, आणि बाळंतपण रिपोर्टची वाट बघत नाही.

अठरा महिन्यांच्या आतलं मूल: अँटिबॉडीची तपासणी निदानासाठी करूच नका. रेषा आईच्या प्रतिपिंडांची असते, एकची असो वा दोनची. त्याला पीसीआर लागते.

फक्त दोनची रेषा, किंवा नव्या सॅम्पलवरही दोन किटांचं प्रकारावर एकमत नाही, किंवा व्हायरल लोड दिसत नाही आणि सीडी४ घसरतोय: पेशंट एआरटी केंद्राकडे. तिथून सॅम्पल एचआयव्ही-२ च्या संदर्भ प्रयोगशाळेत जातं. पुणेकरांचं नशीब की नारी भोसरीतच आहे, १९९२ पासून. आता नाव बदललं, पण आम्ही नारीच म्हणतो. तिथे गरज पडली तर पीसीआरने दोनचा शोध घेता येतो. त्यालाही मर्यादा आहे: एचआयव्ही-२ मध्ये रक्तातला विषाणू बऱ्याचदा इतका थोडा असतो की प्लाझ्मात सापडतच नाही. म्हणून पेशींमधल्या डीएनएत शोधतात, आणि तेही निगेटिव्ह आलं तरी विषय संपतोच असं नाही. हे अर्थ लावणं त्यांचं काम आहे, आपलं नव्हे.

तोवर पेशंटचे उपचार अडवून ठेवायचे नसतात. डोल्युटेग्रॅव्हिर असलेली हल्लीची टीएलडी गोळी दोन्ही प्रकारांवर काम करते, त्यामुळे जुन्या दिवसांइतकी धाकधूक राहिली नाही. पण सुरू कधी आणि काय करायचं ते डॉक्टरच ठरवणार. पेशंटला कुणाशी बोलायचं असेल तर १०९७ हा एचआयव्ही हेल्पलाइनचा मोफत नंबर द्या. लिहून नको देऊ, कागद घरात सापडतो. तोंडी सांग, चार आकडे लक्षात राहतात.

संदर्भ प्रयोगशाळेसाठीच्या फॉर्मवर जे दिसलं तेवढंच लिहायचं: कोणत्या किटवर, कोणता लॉट, एक गडद की फिकट, दोन गडद की फिकट, किती मिनिटांनी वाचलं, नवं सॅम्पल घेतलं का. पेशंटच्या कागदावर "एचआयव्ही प्रतिपिंडं आढळली, प्रकार निश्चितीसाठी पुढे पाठवलं आहे". "ड्युअल" हा शब्द दोन्हीकडे नको.